टेल लाइटमध्ये पाणी शिरतंय? सिलिकॉनची नळी उघडण्याआधी हे वाचा

मागच्या दिव्यात पाणी दिसलं की बहुतेक जण सिलिकॉनची नळी आणतात आणि दिव्याच्या कडेने दिसेल ती फट भरून टाकतात. थोडे दिवस बरं वाटतं. मग पुन्हा पाणी येतं, आणि या खेपेला ते सुकतही नाही, कारण दिव्याची हवा खेळायची भोकंसुद्धा त्या सिलिकॉनखाली गेलेली असतात. असे लिंपलेले दिवे मी उघडून पाहिलेत. सिलिकॉन खरवडून काढण्यातच अर्धा दिवस जातो आणि मूळ गळती भलतीकडेच निघते.

पाणी नेमकं कुठून येतंय हे कळलं की पुढचं काम सोपं आहे. शोधायलाच वेळ लागतो, म्हणून या लेखातही सगळ्यात मोठा भाग त्याचाच आहे.

१. वाफ आहे की पाणी, ते आधी ठरवा

थंड सकाळी किंवा गाडी धुतल्यावर काचेला आतून पातळ धुकं धरतं. दिवे अर्धा तास चालू ठेवले, थोडी गाडी चालवली की ते ओसरतं आणि मागे थेंब उरत नाहीत. हे चालतं. दिवा पूर्ण हवाबंद नसतोच. बल्ब तापला की आतली हवा फुगते, गार झाला की आकसते, आणि ही ये-जा होण्यासाठी दिव्याच्या घराच्या, म्हणजे मागच्या प्लास्टिकच्या खोळीच्या, मागच्या बाजूला मुद्दाम व्हेंट ठेवलेले असतात. कुठे ती रबराची वाकडी नळी असते, कुठे टोपीखाली नागमोडी वाट, तर नव्या दिव्यांवर बऱ्याचदा बटणाएवढी गोल पांढरट किंवा काळी चकती चिकटवलेली असते. त्या चकतीतून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही.

एलईडी दिव्यात हे धुकं जास्त वेळ टिकतं. एलईडी बल्बासारखा तापत नाही, त्यामुळे वाफ हटवायला उष्णता कमी पडते. तेवढ्यावरून दिवा बाद समजू नका.

खाली दिलेल्यापैकी काही दिसलं तर मात्र गळती आहे असं धरून चला:

- काचेवर ओघळणारे थेंब, किंवा तळाशी साचलेलं पाणी, जे गाडी वळवली की हलतं
- आत हिरवट थर, किंवा सुकलेल्या पाण्याच्या तपकिरी रेषा
- दोन दिव्यांपैकी एकातच धुकं, आणि तेही दिवसभर
- दिव्यामागचं डिकीचं अस्तर ओलं, किंवा स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी

यातली शेवटची तक्रार वेगळी आहे. दिव्याच्या आत पाणी शिरणं आणि दिव्याच्या मागून डिकीत पाणी शिरणं हे दोन निरनिराळे बिघाड आहेत, त्यांच्या जागा वेगळ्या आणि उपायही वेगळे. कधी दोन्ही एकदम असतात.

२. सामान

- ८ आणि १० नंबरचा बॉक्स पाना, स्क्रूड्रायव्हर. काही गाड्यांना तारा-आकाराच्या टोकाचा लागतो
- अस्तर आणि क्लिपा काढायला प्लास्टिकची पट्टी (लोखंडी पट्टीने रंग जातो)
- मास्किंग टेप, बॅटरी (टॉर्च), हातमोजे
- बादली किंवा टब, ज्यात दिवा पूर्ण बुडेल
- साधा भांड्याचा साबण, मऊ कापड, डिस्टिल्ड वॉटर
- हेअर ड्रायर, सिलिका जेलच्या पुड्या
- न्यूट्रल क्युअर सिलिकॉन, ब्यूटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी)
- इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं सिलिकॉन ग्रीस)

सिलिकॉन घेताना नळीवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं आहे का ते बघाच. लावल्यावर ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. बंद दिव्यात ते आम्ल तांब्या-पितळेच्या पत्र्यांना खातं, आणि पाणी थांबूनही दिवा लागेनासा होतो.

थिनर, ॲसिटोन आणि पेट्रोल या कामाच्या आसपासही नको. टेल लाइटची काच ॲक्रिलिकची असते. या द्रवांनी तिच्यावर बारीक जाळीसारखे तडे उमटतात, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी, आणि ते परत जात नाहीत. स्पिरिटचंही तेच. ते पत्र्याला आणि मागच्या काळ्या प्लास्टिकला चालेल, काचेला लागू देऊ नका.

३. दिवा काढणे

दिवे आणि इग्निशन बंद करा, बल्ब गार होऊ द्या. डिकी विजेवर उघडणारी असेल आणि तुम्हाला गाडीच्या बॅटरीची तार काढायची असेल, तर आधी डिकी उघडून ठेवा.

आतलं अस्तर बाजूला केलं की दोन-तीन नट दिसतील. बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या कडेला टोकाला गोळा असलेल्या आणखी एक-दोन खुंट्या असतात, त्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. नट निघाल्यावर दिवा गाडीच्या मागच्या दिशेला सरळ ओढायचा. बाजूला किंवा वर तिरका ओढला की खुंटी तुटलीच म्हणून समजा. त्याआधी दिव्याभोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावून घ्या. दिवा सुटताना एकदम सुटतो आणि त्याची कड बंपरवर ओरखडा काढून जाते.

कनेक्टर काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा, विशेषतः होल्डर सुटे असतील तर. कुठला बल्ब कुठे हे लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

४. गळती शोधणे

दिवा हातात आल्यावर लगेच धुऊ नका. मळ हाच पुरावा आहे. डिकीच्या पत्र्यावर दिवा जिथे टेकतो तिथली जागा बॅटरीच्या तिरक्या उजेडात बघा. गॅस्केट (दिवा आणि पत्रा यांच्यामधली फोमची पट्टी) नीट दाबलं गेलेलं असेल तर त्याच्या आतल्या बाजूचा रंग स्वच्छ असतो आणि धूळ बाहेरच थांबलेली असते. पाणी जिथून आत गेलंय तिथे धुळीची एक बारीक मातकट रेघ गॅस्केट ओलांडून आत उतरलेली दिसते. ती दिसली तर डिकीतल्या पाण्याचा निकाल बहुधा तिथेच लागला.

आता खुद्द दिवा. पाणी शिरायच्या चार जागा असतात:

काच आणि घर यांचा सांधा. टेल लाइटचा हा सांधा बहुतेक वेळा उष्णतेने किंवा कंपनाने वितळवून जोडलेला असतो. ठोकर बसली, किंवा नट जास्त आवळल्याने घर ताणलं गेलं, तर एखाद्या कोपऱ्यात केसाएवढी फट पडते.

काचेची भेग. बोटाच्या नखाने अलगद फिरवा, नख अडकतं तिथे भेग. खालच्या कडेच्या भेगा नजरेतून सुटतात.

बल्बचा होल्डर. त्याच्यावरचं रबर चपटं झालेलं, फाटलेलं किंवा बल्ब बदलताना हरवलेलं असतं. होल्डर अर्धवट फिरवून बसवलेला असणं हेही नेहमीचंच. दिवा दुरुस्तीला काढायच्या आधी एवढं तरी तपासा, कित्येकदा काम इथेच संपतं.

व्हेंट. नळी निसटलेली, टोपी गायब, चकती सुटलेली, किंवा चिखलाने बंद.

बंद व्हेंटने पाणी कसं येतं असा प्रश्न पडेल. हिशेब सोपा आहे. दिव्यातली हवा ६० अंशांवरून २५ अंशांवर आली की तिचं आकारमान साधारण १० टक्क्यांनी घटतं. ही कसर भरून काढायला हवा व्हेंटमधून आत येते. व्हेंट बुजलेलं असेल तर दिवा ओढ घेतो, आणि जिथे बारीकशी फट सापडेल तिथून, बाहेर पाणी असेल तर पाणीच, आत खेचतो. बराच वेळ दिवे लावून गाडी चालवली, तशीच नेऊन गार पाण्याने धुतली, की नेमकं हेच होतं. एरवी ज्या फटीतून थेंब आला नसता तिथून चमचाभर पाणी येतं.

डोळ्यांना काही सापडलं नाही तर बादलीची चाचणी करा. बल्ब काढून होल्डर परत बसवा, म्हणजे त्यांच्या रबरांचीही परीक्षा होईल. एलईडीचे कनेक्टर टेपने नीट बंद करा. एक व्हेंट सोडून बाकीचे टेपने झाका आणि उरलेल्याला बारीक रबरी नळी लावा. दिवा कोमट पाण्यात थोडा थोडा बुडवत नळीतून हलकेच फुंका. फक्त तोंडाने, कॉम्प्रेसर लावू नका, त्या दाबाने चांगला सांधाही उघडतो. बुडबुडे जिथून सलग येतील तिथे मार्करने खूण करा. सुरुवातीला कडेकडेला अडकलेली हवा सुटते तिचे सुटे बुडबुडे मोजू नका. व्हेंट चकतीचं असेल तर नळी बसत नाही. मग ती चकती टेपने झाकून एखाद्या होल्डरच्या भोकातून फुंका, आणि त्या होल्डरचं रबर वेगळं डोळ्यांनी तपासा.

दिवा बुडवायचा नसेल तर सांध्यावर साबणाचं दाट पाणी ब्रशने लावून फुंकलं तरी फेस उठतो. बारीक गळती मात्र यात निसटते.

डिकीत येणाऱ्या पाण्यासाठी दोन माणसं लागतात. दिवा परत जागेवर बसवा, अस्तर काढलेलंच राहू द्या, आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. एकाने आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने मंद धार सोडायची. खालून सुरू करा आणि हळूहळू वर या. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि काहीच कळत नाही. पावडरमध्ये पहिली ओली रेघ जिथे उमटेल तिच्या वरच्या टोकाला गळती असते. पाणी साचलंय ती जागा सोडा, रेघेचं वरचं टोक धरा.

५. आतून धुणे आणि वाळवणे

बल्ब, होल्डर काढून दिवा उलटा-सुलटा करून पाणी निथळू द्या. आत चिखल किंवा शेवाळ असेल तर कोमट साबणपाणी घालून हलवा, ओता, मग दोनदा डिस्टिल्ड वॉटरने खंगाळा. नळाच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात आणि ते नंतर आतून पुसता येत नाहीत. एलईडीची पट्टी आत असेल तर धुण्याच्या फंदात पडू नका, फक्त वाळवा.

होल्डरच्या भोकातून काडीला कापूस लावून चंदेरी रिफ्लेक्टर पुसायचा मोह होतो. तो मुलामा फार पातळ असतो, एका घासण्यात निघून येतो आणि खाली करडं प्लास्टिक दिसू लागतं. डाग राहिला तर राहू द्या.

वाळवताना ड्रायर कमी उष्णतेवर, हातभर लांबून, सतत हलवत ठेवा. ॲक्रिलिक साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. हेडलाइट ओव्हनमध्ये तापवून उघडण्याची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. ती चालते, कारण कित्येक हेडलाइटचा सांधा तापून मऊ होणाऱ्या डिंकाचा असतो आणि काच पॉलिकार्बोनेटची, जी जास्त उष्णता सोसते. टेल लाइट तसा तापवला तर सांधा सुटायच्या आधी दिवाच वाकडा होतो.

यानंतर दिवा सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी पुड्या मोजून बाहेर काढा. आत राहिलेली पुडी ब्रेक लावताना मागच्याला दिसते.

६. बंद करणे, जागेप्रमाणे

सांध्याची फट. आधी कडा साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, जुना सिलिकॉन असेल तर तो प्लास्टिकच्या पट्टीने शेवटच्या कणापर्यंत काढा, कारण जुन्या सिलिकॉनवर नवा धरत नाही. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. आता वर सांगितलेली ओढ कामाला लावायची: ड्रायरने दिवा कोमट करा, होल्डर बसवून व्हेंट टेपने तात्पुरते झाका आणि लगेच फटीवर सिलिकॉन ओढा. दिवा गार होताना सिलिकॉन फटीत आतवर खेचला जातो. साबणपाण्यात भिजवलेल्या बोटाने दाबून सारखा करा, वर साय धरायच्या आत टेप उपटा. व्हेंटवरची टेप दिवा पूर्ण गार झाल्यावर काढा. विसरू नका.

हा थर २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर खोलीपर्यंत पिकतो. तेवढा वेळ दिवा गाडीला लावू नका.

काचेची भेग. बारीक आणि स्वच्छ भेग ॲक्रिलिकसाठीच्या पातळ सॉल्व्हेंट सिमेंटने सांधते. सुईच्या बाटलीतून थेंब सोडला की तो भेगेत आपोआप ओढला जातो आणि दोन्ही कडा विरघळून एक होतात. खोलीची खिडकी उघडी ठेवा. भेगेत आधीच माती गेली असेल तर हे नीट होत नाही. सुपरग्लू टाळा, त्याची पांढरी भुकटी आजूबाजूला काचेवर बसते. तुकडाच उडाला असेल तर दिवा बदला. लाल टेप ही गाडी घरापर्यंत आणण्यापुरती.

होल्डरचं रबर. त्याच मापाचं नवं ओ-रिंग घाला आणि त्यावर सिलिकॉन ग्रीसचा बारीक हात फिरवा. होल्डर कायमचा चिकटवून टाकलात तर पुढचा बल्ब बदलताना दिव्याचं घरच तुटेल.

व्हेंट. मोकळं करा, हरवलेली टोपी किंवा नळी नवी लावा. नळीचं तोंड खाली असलं पाहिजे. चकती फाटली असेल तर मागून चिकटणारी तशीच चकती मिळते. दोन व्हेंट असतील तर दोन्ही चालू हवेत, कारण हवा एकातून येऊन दुसऱ्यातून जाते तेव्हाच आतली वाफ निघते.

पत्र्यावरचं गॅस्केट. फोम चपटा झाला की तो परत फुगत नाही. नवं मिळालं तर तेच घ्या. नाही मिळालं तर पत्रा स्पिरिटने पुसून गॅस्केटच्या रेषेवर ब्यूटाइल टेपचा अखंड वेढा द्या. दोन टोकं जिथे मिळतात तो जोड खालच्या बाजूला ठेवा. ब्यूटाइल कडक होत नाही, त्यामुळे पुढे दिवा काढता येतो. दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये सिलिकॉन भरू नका.

तळाला भोक पाडण्याबद्दल: पाणी निघून जावं म्हणून दिव्याच्या तळाशी ड्रिलने भोक पाडा, असा सल्ला हमखास मिळतो. पाणी जातं हे खरं. पण मागच्या चाकांनी उडवलेली धूळ आणि एग्झॉस्टची काजळी त्याच भोकातून आत येते, आणि काही महिन्यांत रिफ्लेक्टर काळवंडतो. महिन्याभरात बदलायच्याच दिव्याला हवं तर पाडा.

७. होल्डर आणि वायरिंग

दिवा हातात आहे तोवर हे उरकून घ्या. पितळी पत्र्यांवर हिरवा-पांढरा कीट असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश, मग वाळल्यावर कनेक्टरच्या रबरी कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीस. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटरबरोबर पार्किंगचा दिवाही लुकलुकतो, अशी गंमत दिसत असेल तर अर्थिंगच्या तारेचा कीट साफ करा. ओल्या दिव्यांत हे फार वेळा होतं आणि लोक उगाच बल्ब बदलत बसतात. बल्ब परत घालताना पिनांची उंची बघा, दोन फिलामेंटच्या २१/५ वॅटच्या बल्बच्या पिना वर-खाली असतात आणि तो एकाच बाजूने बसतो.

८. परत बसवणे

खुंट्या आधी भोकांत बरोबर आणा, मग तळहाताने दाबा. नट बोटांनी बसवा, आळीपाळीने थोडे थोडे फिरवा, शेवटी पान्याने पाव फेरा पुरे. गळती थांबावी म्हणून नट करकचून आवळले तर प्लास्टिकचा बोल्ट मुळाशी तडकतो आणि नवीन गळती तिथेच सुरू होते.

सगळे दिवे लावून बघा: पार्किंग, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, रिव्हर्स, फॉग. मग अस्तर न लावता पुन्हा खालून वर पाणी सोडा. कोरडं राहिलं तरच अस्तर लावा. पुढे प्रेशर वॉशरची धार सांध्यावर जवळून मारू नका, आणि दिवे तापलेले असताना गाडी धुवायला घेऊ नका.

९. तरीही डिकी ओली असेल तर

मग दिव्याला सोडा. डिकीच्या दाराचं रबर, वरचा तिसरा ब्रेक लाइट, छताच्या पत्र्याचा जोड, मागच्या वायपरला पाणी नेणारी नळी आणि बंपरमागे लपलेल्या हवा जाण्याच्या झडपा, या क्रमाने बघा. झडपांचं रबर वाकलेलं राहिलं की चाकाने उडवलेलं पाणी थेट आत येतं, आणि ते स्टेपनीच्या खड्ड्यात साचल्यामुळे आरोप दिव्यावर जातो. खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं, ते काढून पाणी सोडून द्या. गालिच्याखालचा फोम वेगळा काढून वाळवा, तो वरून कोरडा वाटला तरी आठवडाभर ओल धरून ठेवतो.

१०. दिवा बदलायचाच झाला तर

एलईडीच्या सर्किट पट्टीवर कीट चढला असेल, बोल्टाची मुळं तुटली असतील किंवा सांधा तीन-चार ठिकाणी सुटला असेल, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. नवा दिवा जुन्याशेजारी ठेवून बोल्टांच्या जागा, कनेक्टर आणि व्हेंट जुळवून बघा. स्वस्त दिव्यांत व्हेंटच्या जागी नुसतं उघडं भोक असतं. जुन्या दिव्याची नळी किंवा टोपी तिथे बसते का ते आधीच तपासा. आणि खोकं टाकण्याआधी आत हात घालून बघा, गॅस्केट बऱ्याचदा वेगळ्या पिशवीत तळाशी असतं.